रामा राघोबा राणे : मानपत्रातले चार दिवस आणि पुढची शेहेचाळीस वर्षे

१९४७-४८ च्या काश्मीर युद्धासाठी पाच परमवीर चक्रे दिली गेली. त्यांतली तीन मरणोत्तर होती. जिवंतपणी ते पदक मिळाले लान्स नाईक करम सिंग आणि बॉम्बे सॅपर्सचे सेकंड लेफ्टनंट रामा राघोबा राणे यांना. राण्यांचे मानपत्र बारकाईने वाचण्याजोगे आहे, कारण त्यात पराक्रमाच्या विशेषणांबरोबर तासांचा हिशेब आहे.

८ एप्रिल १९४८, नौशेरा-राजौरी रस्ता, मैल २६. सकाळी ११ वाजता उखळी तोफांच्या माऱ्यात सुरुंग काढणाऱ्या तुकडीतले दोघे ठार झाले, राण्यांसह पाच जण जखमी झाले. राण्यांनी उरलेल्यांना गोळा करून काम सुरू केले आणि रात्री १० पर्यंत चालू ठेवले. ९ तारखेला पहाटे ६ पासून पुन्हा तेच : आडवे पाडलेले पाइनचे वृक्ष, उडवलेली मोरी, पेरलेले सुरुंग. १० तारखेची सुरुवात पहाटे पावणेपाचला झाली आणि शेवट रात्री ९ ला. म्हणजे सव्वासोळा तास, जखमी अंगाने, अन्नाविना.

टँकखाली सरपटत, हातातल्या दोरांनी चालकाला इशारे देत त्यांनी सुरुंगांतून वाट काढली, ही हकीकत नेहमी सांगितली जाते. मानपत्राच्या मजकुरात ती नाही. म्हणून ती वेगळी ठेवावी. राण्यांचे मोठेपण तिच्यावर अवलंबून नाही. १० तारखेला रणगाडे तावी नदीच्या पात्रात उतरून पुढे निघून गेले, तरी मागून येणाऱ्या रसदीच्या गाड्यांसाठी राणे रस्त्यावरच थांबून काम करत राहिले, ही नोंद मला सर्वांत मोलाची वाटते. माणूस तिथे कळतो.

बाकीच्या आयुष्याला कागदांनी मोजक्याच ओळी दिल्या आहेत. २६ जून १९१८ ला जन्म, गाव कारवारजवळचे चेंडिया. वडील पोलीस शिपाई. त्यांच्या बदल्यांमुळे शाळा विस्कळीत. १९४० मध्ये भरती, मग ब्रह्मदेशाची आघाडी. १९५५ मध्ये लग्न, पुढे चार अपत्ये. १९६८ मध्ये मेजर म्हणून निवृत्ती; त्यानंतरही १९७१ पर्यंत सैन्यातच नागरी नोकरी. जुलै १९९४ मध्ये पुण्यात निधन.

चार दिवसांचा तासातासाचा हिशेब सरकारने जपला. संसाराच्या जवळजवळ चार दशकांचा हिशेब घरच्यांनीच जपायचा असतो. ज्या घरात माजी सैनिक होऊन गेला तिथले डिस्चार्ज बुक, पेन्शनचे कागद, नोकरीवरून आलेली पत्रे रद्दीत जाऊ देऊ नका. सैनिकाचे उरलेले आयुष्य त्यांतूनच लिहिता येईल, आणि तेही तितक्याच काळजीने लिहिले गेले पाहिजे.