काचेवरचा उजेड आणि काचेआडची माणसं



विषय जाहीर झाल्यावर एका श्रोत्यानं आम्हाला विचारलं, "इतिहासाच्या व्याख्यानात फोटो साफ करायचं सॉफ्टवेअर कुठून आलं?" प्रश्न रास्त आहे. उत्तर इंदापूर तालुक्यातल्या घरांच्या भिंतींवर आहे, म्हणून सुरुवात तिथूनच करू.

भीमेवरचं उजनी धरण १९८० साली पूर्ण झालं. त्याचं पाणी मागे पसरत आलं आणि नदीकाठची गावं उठली. पळसदेव उठलं आणि वर, पुणे-सोलापूर रस्त्याच्या बाजूला येऊन बसलं. जुन्या गावाचं पळसनाथाचं देऊळ पाण्यात राहिलं. दुष्काळी उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की ते उघडं पडतं, माणसं होडीतून, कधी चालतसुद्धा बघायला जातात, आणि वर्तमानपत्रात फोटो येतो. देवळाचे फोटो त्यामुळे पुष्कळ आहेत. घरांचे नाहीत. वाडे, पार, ओसऱ्या, नदीचा घाट, यांचं जे काही चित्र उरलंय ते घराघरांतल्या जुन्या फोटोंच्या मागच्या बाजूला. म्हणजे पुढे आजोबा कोट-टोपी घालून बसलेत आणि त्यांच्या खांद्यामागे दाराची चौकट दिसते. आम्हाला हवी असते ती चौकट. घरच्यांना हवे असतात आजोबा. दोघांचंही काम एकाच फोटोवर अडतं.

गेली काही वर्षं आम्ही दोघं-तिघं या गावांमधून असे फोटो गोळा करतोय. गोळा म्हणजे मोबाइलवर किंवा कॅमेऱ्यावर प्रत काढून घेतो, मूळ फोटो घरीच राहतो. पहिल्याच दिवशी कळलं की आपली खरी अडचण काच आहे.

तुम्ही म्हणाल, फ्रेम उघडा आणि फोटो बाहेर काढा. तेच तर करता येत नाही! जुन्या फोटोच्या कागदावर जिलेटिनचा थर असतो. पन्नास-साठ पावसाळ्यांची ओल लागली की तो थर मऊ होऊन काचेला चिकटतो, मग वाळतो, आणि काच नि फोटो एकजीव होतात. ओढलात तर चेहरा काचेवर राहतो आणि कागद हातात येतो. एका घरी आमच्या डोळ्यांदेखत असं झालं. तेव्हापासून आम्ही फ्रेमचा खिळासुद्धा हलवत नाही. फोटो काढायचा तो काचेतूनच.

आता काचेतून फोटो काढला की काय येतं ते तुम्हाला ठाऊक आहे. आजोबांच्या छातीवर उघडं दार, दारात आपण स्वतः, हातात मोबाइल. फ्लॅश उडाला तर कपाळावर पांढरा गोळा. हे असं का होतं, ते थोडं सांगायला हवं, कारण पुढचा सगळा इतिहास त्यातून निघतो.

साध्या काचेवर समोरून उजेड पडला की एका पृष्ठभागावरून सुमारे ४ टक्के परत येतो. काचेला दोन बाजू, म्हणून सुमारे ८ टक्के. ऐकायला कमी वाटतं. पण फोटोतला गडद काळा भाग स्वतः त्याहून कमी उजेड परत पाठवतो. म्हणून पांढऱ्या पागोट्यावर प्रतिबिंब जाणवत नाही, काळ्या कोटावर मात्र अख्खं अंगण उमटतं. त्यात आपली घरं आतून अंधारी आणि दाराबाहेर रखरखीत ऊन. फोटोवर पडणाऱ्या उजेडाच्या कितीतरी पट उजेड दारातून येऊन काचेवर आपटतो.

या काचेवरच्या उजेडाचा पहिला चांगला अभ्यास सुरू झाला तोही खिडकीच्या काचेवरूनच. १८०८ साली पॅरिसमध्ये एत्येन लुई मालुस हा लष्करी अभियंता कॅल्साइटच्या स्फटिकातून समोरच्या लक्झेंबर्ग राजवाड्याच्या खिडक्यांकडे बघत होता. खिडक्यांवर मावळतीचा सूर्य चमकत होता. या स्फटिकातून एका वस्तूच्या दोन प्रतिमा दिसतात. मालुसनं स्फटिक फिरवला तशी त्यातली एक मंद होत गेली. काचेवरून परतलेला उजेड आणि सरळ आलेला उजेड एकसारखा नसतो, परतलेल्याला एक 'दिशा' लागलेली असते, हे त्यातून कळलं. पुढे १८१५ साली डेव्हिड ब्रूस्टरनं याचा नियम मांडला: काचेकडे लंबापासून साधारण ५६ अंश तिरकं पाहिलं, तर परत येणारा उजेड पूर्णपणे एकाच दिशेचा होतो, आणि योग्य गाळणी धरली तर तो जवळजवळ पुसता येतो.

गंमत बघा. या तत्त्वाचा एक फार सुंदर उपयोग एका भारतीयानं केला, आणि काचेवर नव्हे, पाण्यावर. १९२१ साली चंद्रशेखर वेंकट रामन इंग्लंडहून 'नारकुंडा' बोटीनं परत येत होते. समुद्र निळा दिसतो तो केवळ आकाशाच्या प्रतिबिंबामुळे, असं तेव्हा मोठमोठे लोक मानत. रामन यांच्याजवळ निकोल प्रिझम होता. योग्य कोनातून तो डोळ्यासमोर धरून त्यांनी पाण्यावरचं आकाशाचं प्रतिबिंब घालवलं. तरी समुद्र निळाच! म्हणजे तो निळेपणा पाण्याचाच होता. बोट मुंबई बंदरात असतानाच त्यांनी त्याविषयी 'नेचर'ला लिहिलं. प्रतिबिंब बाजूला केल्याशिवाय खालचं खरं कळत नाही, याचा इतका स्वच्छ दाखला दुसरा आम्हाला माहीत नाही. हिवाळ्यात भिगवणला रोहित पक्ष्यांचे फोटो काढायला जे हौशी लोक येतात, त्यातले काहीजण भिंगावर फिरणारी गोल काच लावतात, पोलरायझर. ती याच प्रिझमची धाकटी बहीण.

मग आम्हीही पोलरायझर आणला. आणि तोंडावर आपटलो. कारण फ्रेमचा फोटो आपण समोरून, सरळ काढतो, आणि सरळ बघताना ही गाळणी काहीच काम करत नाही. तिरकं उभं राहावं लागतं, आणि मग आजोबा एका बाजूला निमुळते येतात. ते नंतर संगणकावर चौकोनी करून घेता येतात, पण वेळ जातो. शेवटी आम्हाला सगळ्यात कामी आली ती घोंगडी. काळी, जाड, मेंढीच्या लोकरीची, जी आपल्या भागात कुठल्याही धनगराच्या घरी सापडते. दोघांनी ती मोबाइलच्या मागे पडद्यासारखी धरायची, दोन कडांच्या फटीतून फक्त मोबाइलची भिंगं बाहेर. काचेला परत पाठवायला समोर काळोखच ठेवायचा. पॅरिस, मुंबई, सगळीकडून फिरून आम्ही घोंगडीवर आलो.

पण प्रत्येक वेळी घोंगडी कुठली असायला! बहुतेक फोटो आमच्याकडे येतात ते घरातल्या पोरांनी आधीच मोबाइलवर काढलेले, उजेडासकट. तिथे सॉफ्टवेअर लागतंच. आणि इथून आमच्या आजच्या बोलण्याचा मुख्य भाग.

हे सॉफ्टवेअर दोन जातींचं आहे, आणि ते लोक एकत्र करतात. पहिली जात खाली जे आहे ते शोधून काढते. १९९९ साली हॅनी फरीद आणि एडवर्ड एडल्सन यांनी काचेआडच्या चित्राचे पोलरायझर फिरवून दोन फोटो घेतले आणि त्या दोघांतल्या फरकावरून गणितानं चित्र वेगळं, प्रतिबिंब वेगळं केलं. २०१६ साली गुगलनं फोटोस्कॅन नावाचं ॲप दिलं, ते बऱ्याच जणांनी वापरलं असेल. त्यात एका फोटोचे वेगवेगळ्या जागांवरून अनेक फोटो घ्यायचे. तुम्ही सरकलात की चकाकी सरकते, आजोबा सरकत नाहीत. एका फोटोत झाकलेला कान दुसऱ्यात उघडा असतो. सगळे जोडले की स्वच्छ प्रत. यात कल्पनेचं काही नाही, प्रत्येक ठिपका कुठल्या ना कुठल्या फोटोत खरोखर आलेला आहे.

दुसरी जात भरून काढते. १९९० साली आलेल्या फोटोशॉपमध्ये माणूस हातानं शेजारची त्वचा उचलून डागावर ठेवत असे. २००२ साली हीलिंग ब्रश आला, २०१० साली आजूबाजूचं बघून रिकामी जागा आपोआप भरणारी सोय आली. आता तर शिकवून तयार केलेली प्रणाली लाखो फोटो बघून ठरवते की इथे बहुधा काय असेल. 'बहुधा' हा शब्द लक्षात ठेवा.

आमच्याच हातून झालेली चूक सांगतो. एका धरणग्रस्त कुटुंबाकडून नऊवारी नेसलेल्या एका बाईंचा फोटो आला. फ्लॅशचा गोळा बरोबर कपाळावर. आम्ही प्रणालीला सांगितलं, काढ. दोन सेकंदांत स्वच्छ, गुळगुळीत कपाळ. आम्ही खूश. छापून, नवी फ्रेम करून घरी दिला. ऐंशीच्या घरातल्या आजी बराच वेळ बघत बसल्या. मग म्हणाल्या, "ही आमची आत्या नव्हं. तिच्या कपाळाला गोंदण हुतं." नातू म्हणाला, "आज्जे, तीच हाय गं." आजी म्हणाल्या, "असंल तुमची."

मूळ फोटो पुन्हा बघितला तर गोळ्याच्या कडेला दोन बारीक हिरवट ठिपके होते. प्रणालीला तो मळ वाटला, आणि आम्हालाही. गोळ्याच्या मधोमध तर काहीच नव्हतं. तिथे कॅमेऱ्यानं निव्वळ पांढरं नोंदवलेलं, म्हणजे शोधून काढायला खाली काही उरलंच नव्हतं. जे आलं ते कुणा तिसऱ्याच बाईचं कपाळ.

इतिहासाच्या लोकांना हा प्रश्न नवा नाही. विश्वनाथ काशिनाथ राजवाड्यांनी १८९८ साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड काढला. जुने मोडी कागद छापताना कागद फाटलेला असेल, कसरीनं खाल्लेला असेल, तर तिथे टिंबं देतात. संपादकाला अंदाज असतोच, कधी खात्रीही असते. पण तो अंदाज कंसात, नाहीतर तळटीपेत. पत्राच्या अंगात घुसवत नाहीत. कारण उद्या दुसरा कुणीतरी त्या शब्दावर वतनाचा वाद उभा करील. फोटोसाठी अजून आपल्याकडे टिंबांची रीत पडलेली नाही. आम्ही आमच्यापुरती पाडली आहे: जिथे खाली काही नोंदलेलंच नाही ती जागा सपाट करड्या रंगाची ठेवतो. घरच्यांना ते आवडत नाही, हेही सांगतो. भिंतीवर लावायला लोकांना करडा डाग नको असतो, आणि त्यांचं चूक नाही. म्हणून त्यांना भरलेली प्रत देतो, मागे 'कपाळ अंदाजाचं' असं पेन्सिलीनं लिहून. आमच्याकडे डागाची प्रत राहते.

आणखी एक. काढून टाकलेलं प्रतिबिंब फेकायचं का? एका घरी एक छोटा फोटो मिळाला, गाव उठायच्या आधी काढलेला. जुन्या घरातली भिंत, भिंतीवर देवाची तसबीर, खाली दोन मुलं उभी. तसबिरीच्या काचेत पांढुरकं काहीतरी दिसत होतं. आमच्यातला एक मुलगा ते साफ करायला बसला, आणि आधी मोठं करून बघितलं म्हणून वाचलं. काचेत समोरची ओसरी होती: दोन खांब, मधे टांगलेला कंदील, आणि ओसरीच्या पलीकडे झाडाचा बुंधा. त्या ओसरीचं दुसरं चित्र त्या घरात नाही. मुलांपैकी एक आता साठीचे आहेत. त्यांनी खांब ओळखले, आणि झाड कडुलिंबाचं होतं हे सांगितलं. २०२४ च्या डिसेंबरात अडोबीनं खिडकीच्या काचेवरचं प्रतिबिंब काढण्याची जी सोय आणली, तिच्यात पट्टी उलट्या बाजूला सरकवली की चित्र जाऊन नुसतं प्रतिबिंब दिसतं. ती सोय बहुतेकांना गमतीची वाटली असेल. आम्हाला त्या ओसरीची आठवण झाली.

तर मंडळी, पुढच्या महिन्यात आम्ही पळसदेव आणि भिगवणला पुन्हा बसणार आहोत. फोटो फ्रेमसकट आणा. काच ओल्या फडक्यानं पुसू नका, कडेनं पाणी आत जातं. कोरडं सुती फडकं चालेल. मोबाइलवर आधीच काढलेले असतील तर साफ न केलेले, उजेडासकट पाठवा. आणि घरात जाणती म्हातारी माणसं असतील तर त्यांनाही घेऊन या. घोंगडी आम्ही आणतो.