तटस्थ, सभात्यागी आणि गैरहजर

तट म्हणजे काठ, स्थ म्हणजे उभा असलेला. पाण्यात न उतरता काठावर थांबतो तो तटस्थ. वैनगंगेकाठच्या भंडाऱ्यात हा शब्द फार फोड करून सांगावा लागणार नाही.

विधानसभेत तटस्थ राहायचे तर आधी सभागृहात असावे लागते. ३० नोव्हेंबर २०१९ रोजी उद्धव ठाकरे सरकारच्या विश्वासदर्शक ठरावाच्या बाजूने १६९ मते पडली, विरोधात एकही नाही. चार आमदार तटस्थ राहिले. भाजपच्या आमदारांनी सभात्याग केला. सभात्यागात ‘त्याग’ आहे, म्हणजे जे हातात होते ते निषेधाने सोडून जाणे. ‘गैरहजर’ याहून निराळा. त्यातले गैर आणि हजर हे दोन्ही मूळचे अरबी, फारसी दफ्तरांतून मराठीत रुळलेले. त्यात ना निषेध ना निर्णय, नुसती रिकामी जागा. आमदाराचा मतदानातला सहभाग टक्क्यांत मोजताना या तिघांना एकाच शून्यात टाकणे मला चुकीचे वाटते. काठावर उभा असलेला माणूस गावातच नव्हता, असे कसे म्हणायचे?

शिवाय मत पडले तरी ते कोणाचे? ते कसे द्यायचे याचा पक्षादेश प्रतोद काढतो, आणि प्रतोद हा शब्द ‘तुद्’ म्हणजे टोचणे या धातूपासून आला. बैल हाकायच्या काठीला टोकाशी आर असते, त्याच कुळीतले हे हत्यार. १९८५च्या पक्षांतरबंदी कायद्याने पक्षादेश मोडून मत देणाऱ्याचीच नव्हे, तर तटस्थ राहणाऱ्याचीही आमदारकी जाऊ शकते. तेव्हा शंभर टक्के सहभागात स्वतःचा विचार किती आणि आर किती, हे आकडा सांगत नाही.

अध्यक्षाची गोष्ट आणखी निराळी. भंडारा जिल्ह्यातल्या साकोलीचे आमदार नाना पटोले १ डिसेंबर २०१९ रोजी विधानसभेचे अध्यक्ष झाले. संविधानाच्या अनुच्छेद १८९प्रमाणे अध्यक्ष एरवी मत देत नाही. मते समसमान पडली तरच निर्णायक मत देतो. रोज सभागृह चालवणाऱ्या माणसाचा मतदानातला सहभाग अशा मोजणीत जवळजवळ शून्य भरेल.

आणि आवाजी मतदानात तर मोजायलाच काही उरत नाही. १२ नोव्हेंबर २०१४ रोजी देवेंद्र फडणवीस सरकारचा विश्वासदर्शक ठराव तसाच मंजूर झाला; विरोधकांची मतविभागणीची मागणी मान्य झाली नाही. त्या ठरावावर भंडारा, तुमसर आणि साकोलीच्या आमदारांनी कोणत्या बाजूला आवाज दिला, हे दाखवणारी मतयादीच नाही.