पहिल्या वर्षी डॉक्टर शिकतात तरी काय?

परवा नरसिंहपूरच्या एक आजी बीपी तपासायला आल्या होत्या. म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, नात बारामतीला डॉक्टरकीला आहे. वर्ष होत आलं, पण साधं इंजेक्शन देता येत नाही तिला. शिकवतात तरी काय?"

हा प्रश्न तुम्हालाही पडत असेल. पहिल्या वर्षी मुख्य विषय तीन : शरीररचना, शरीरक्रिया आणि जीवरसायन. म्हणजेच अ‍ॅनाटॉमी, फिजिऑलॉजी, बायोकेमिस्ट्री. निरोगी शरीर कसं चालतं हे कळल्याशिवाय ते कुठे बिघडलं हे कळत नाही, म्हणून हे आधी.

मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ मध्ये सुरू झालं. मृतदेहाला हात लावणं विटाळ मानलं जाण्याचा तो काळ. पुढे अब्राहम फ्लेक्सनर यांनी अमेरिका आणि कॅनडातल्या १५५ वैद्यकीय शाळांची पाहणी करून १९१० मध्ये अहवाल दिला. कितीतरी ठिकाणी धड प्रयोगशाळाही नव्हती. आधी दोन वर्षं प्रयोगशाळा, मग दोन वर्षं रुग्णालय, ही घडी त्यांच्या अहवालामुळे पक्की झाली आणि जगभर पसरली.

आमच्या वेळी हा पहिला टप्पा दीड वर्षाचा होता. १९९७ च्या नियमांनी तो एक वर्षावर आणला. त्या दीड वर्षात माझ्या नसा, स्नायू, हाडं सगळं पाठ झालं. पण पहिल्या रुग्णासमोर उभा राहिलो, तेव्हा "काय होतंय?" एवढं विचारायलाही जीभ उचलेना. ते कुणी शिकवलंच नव्हतं.

ही उणीव भरून काढण्यासाठी २०१९ मध्ये अभ्यासक्रम बदलला. आता पहिल्या वर्षापासूनच मुलं रुग्णांना भेटतात. रुग्णाशी कसं बोलावं, त्याची संमती कशी घ्यावी हेही शिकतात. बारामतीचं सरकारी वैद्यकीय महाविद्यालयही त्याच वर्षी सुरू झालं. त्यानंतर 'कुटुंब दत्तक' उपक्रम आला. त्यात विद्यार्थी खेड्यातल्या घरी जाऊन त्या कुटुंबाच्या तब्येतीची माहिती घेतात.

असे विद्यार्थी तुमच्या दारी आले, तर ओळख विचारा आणि थोडा वेळ द्या. नको असेल तर नाही म्हणायचा हक्क तुम्हाला आहेच. ते अजून डॉक्टर नाहीत, त्यामुळे त्यांना विचारून गोळ्या बदलू नका. पण काय खाता, गोळ्या कधी चुकतात, दवाखान्यात यायला काय अडचण पडते, हे मोकळेपणाने सांगा. पुस्तकात हे सापडत नाही.

आजींना मी म्हटलं, "सुई टोचायला ती शिकेलच. तोवर ती घरी आली की तुमचं गुडघ्याचं दुखणं तिला नीट सांगा."