नकलेची परीक्षा

प्रसिद्ध परदेशी कंपनीचे नाव तबकडीवर मिरवणारी नकली घड्याळे आपण सर्वांनीच पाहिली आहेत. तबकडी तशीच, काटे तसेच, सेकंद मोजण्यासाठी बाजूला असलेली बटणेही तशीच. मग एखादा विद्यार्थी विचारतो, दिसायला इतके सारखे आहे, तर वेळही तितकीच अचूक दाखवेल का? अडीचशे वर्षांपूर्वी इंग्लंडमध्ये हाच प्रश्न फार गंभीरपणे विचारला गेला होता. ती नक्कल मात्र कोणाला फसवण्यासाठी नव्हती. सरकारनेच पैसे मोजून ती करवून घेतली होती.

मूळ अडचण समुद्रावरची होती. सूर्याच्या किंवा ध्रुवताऱ्याच्या उंचीवरून अक्षांश काढता येतो. रेखांश तसा मिळत नाही. पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे ४ मिनिटांत १ अंश. जहाजावर दुपारचे १२ वाजले असताना लंडनमध्ये किती वाजले आहेत हे कळले, तर दोन वेळांतल्या फरकावरून रेखांश निघतो. पण त्यासाठी लंडनची वेळ महिनोन्‌महिने जपणारे घड्याळ हवे. १७०७ साली सिली बेटांजवळ ब्रिटिश आरमाराची चार जहाजे खडकांवर फुटली आणि हजाराहून अधिक खलाशी बुडाले. १७१४ साली पार्लमेंटने कायदा केला आणि वेस्ट इंडीजपर्यंतच्या प्रवासात अर्ध्या अंशापर्यंत अचूक रेखांश देणाऱ्या पद्धतीला २०,००० पौंडांचे बक्षीस ठेवले.

अर्धा अंश म्हणजे २ मिनिटे. प्रवास सहा आठवड्यांचा धरला, तर घड्याळाची चूक दिवसाला सुमारे ३ सेकंदांच्या आत राहिली पाहिजे. जॉन हॅरिसन या मूळच्या सुताराने ही अट पुरी केली. तीन मोठी घड्याळे बांधून झाल्यावर १७५९ साली त्याने चौथे तयार केले. ते खिशातल्या घड्याळाच्याच घडणीचे, पण सुमारे १३ सेंटिमीटर व्यासाचे होते. १७६१-६२ च्या जमैकाच्या सफरीत, घड्याळाची रोजची ठरलेली घट हिशेबात घेता, ८१ दिवसांनी चूक सुमारे ५ सेकंद भरली. १७६४ च्या बार्बाडोसच्या सफरीत ती ४७ दिवसांत सुमारे ३९ सेकंद होती. दोन्ही वेळा अट आरामात पाळली गेली.

तरीही पूर्ण बक्षीस मिळाले नाही. १७६५ साली नवा कायदा झाला. हॅरिसनने घड्याळाची सर्व रचना उलगडून दाखवावी, म्हणजे अर्धी रक्कम मिळेल. उरलेली अर्धी, इतर कारागिरांनाही तसेच घड्याळ करता येते हे सिद्ध झाल्यावर. हॅरिसन तेव्हा ७२ वर्षांचा होता. सगळी हयात या कामात घालवलेल्या माणसाला ही अट अन्यायाची वाटली, आणि ते स्वाभाविक होते. पण रेखांश मंडळाची शंकाही पोकळ नव्हती. एका असामान्य हाताने केलेले एकच घड्याळ चांगले चालले, तर ते श्रेय रचनेचे की त्या हाताचे? शिवाय एका घड्याळाने सारे आरमार कसे चालणार? आम्हा संशोधकांनाही हा अनुभव नेहमीचा आहे. एका प्रयोगशाळेतला निष्कर्ष दुसऱ्या प्रयोगशाळेत पुन्हा मिळेपर्यंत कोणी तो पुरता स्वीकारत नाही.

ऑगस्ट १७६५ मध्ये हॅरिसनने आपल्या लंडनच्या घरी जाणकारांच्या समितीपुढे घड्याळाचा एकेक भाग सुटा करून समजावला. त्या समितीत लार्कम केंडल हा घड्याळजी होता. पुढे मंडळाने त्यालाच ४५० पौंडांना हुबेहूब नक्कल करायला सांगितले. १७६९ साली ती तयार झाली. आज ते घड्याळ ‘के-१’ या नावाने ओळखले जाते.

केंडलने काय उतरवून घेतले ते पाहण्यासारखे आहे. सेकंदाला ५ ठोके देणारे मोठे बॅलन्स व्हील, जे जहाजाच्या हेलकाव्यांना सहज बधत नाही. उष्णतेने स्प्रिंग सैल पडते; तिची भरपाई करणारी पितळ आणि पोलाद यांची जोडपट्टी. आणि एक छोटी मदतनीस स्प्रिंग, जी दर साडेसात सेकंदांनी मुख्य यंत्रणेकडून पुन्हा गुंडाळली जाते. त्यामुळे मुख्य स्प्रिंगचा जोर कमी-जास्त झाला तरी बॅलन्स व्हीलला मिळणारा रेटा सारखाच राहतो.

जुलै १७७२ मध्ये कॅप्टन जेम्स कुक दुसऱ्या सफरीवर निघाला. बरोबर के-१ होते आणि जॉन अर्नोल्डने स्वतःच्या रचनेनुसार केलेली तीन स्वस्त घड्याळेही होती. घड्याळाच्या पेटीला तीन कुलुपे होती. किल्ल्या कॅप्टन, त्याचा पहिला अधिकारी आणि खगोलशास्त्रज्ञ यांच्याकडे. तिघे जमल्याशिवाय चावी देता येत नसे. जानेवारी १७७३ मध्ये जहाजाने दक्षिण ध्रुववृत्त ओलांडले, नंतर ते उष्ण कटिबंधात आले, पुन्हा बर्फात गेले. अर्नोल्डची घड्याळे त्या प्रवासात टिकली नाहीत. केंडलचे तीन वर्षे चालले. त्याच्या रोजच्या चालीतला फरक ८ सेकंदांपलीकडे गेला नाही, म्हणजे विषुववृत्तावर सुमारे पावणेचार किलोमीटर. सुरुवातीला साशंक असलेला कुक आपल्या रोजनिशीत या घड्याळाचा उल्लेख विश्वासू मित्र म्हणून करू लागला.

पुढे केंडलने स्वस्तात घड्याळ करून पाहिले. १७७१ सालच्या ‘के-२’ मधून त्याने ती मदतनीस स्प्रिंग वगळली. किंमत २०० पौंडांवर आली, पण अचूकताही घसरली. बाह्य रूपाने घड्याळ चालत नाही. जो भाग गाळाल त्याचे काम थांबते. नकली घड्याळाबद्दलच्या प्रश्नाचे उत्तर इथे मिळते. तबकडीची नक्कल केली तर तबकडीच मिळेल. चाल हवी असेल तर आतले यंत्र आणि ते जुळवणारा हात, दोन्ही लागतात.

हॅरिसनला १७७३ साली पार्लमेंटने आणखी ८,७५० पौंड दिले. कुक जुलै १७७५ मध्ये परतला आणि मार्च १७७६ मध्ये हॅरिसन वारला. मूळ घड्याळ आणि त्याची नक्कल, दोन्ही आज ग्रिनिच येथे जपून ठेवलेली आहेत.

वर्गात यावर एक सोपा प्रयोग करता येईल. कोणाच्या आजोबांचे चावीचे घड्याळ चालू असेल, तर रोज ठरलेल्या वेळी चावी द्यावी आणि मोबाइलमधल्या वेळेशी ताडून किती सेकंदांचा फरक पडला ते १५ दिवस लिहावे. काटे मध्ये फिरवू नयेत. मग शेजारशेजारच्या दोन दिवसांच्या आकड्यांची वजाबाकी करावी. ती त्या घड्याळाची रोजची चाल. घड्याळ रोज नेमके २० सेकंद मागे पडत असेल तर ते चांगले घड्याळ आहे, कारण हिशेब करून खरी वेळ काढता येते. कधी ५ सेकंद पुढे, कधी १० मागे असे असेल, तर ते त्याहून कमी चुकूनही भरवशाचे नाही. त्यानंतर घड्याळ आठवडाभर उभे, आठवडाभर आडवे ठेवून चाल बदलते का ते पाहावे. कुकच्या जहाजावरचा खगोलशास्त्रज्ञ तीन वर्षे असाच हिशेब ठेवत होता.