दार आतून उघडलं जातं : संगणकावरील हल्ल्यांचा इतिहास आणि आपण

संगणकाची सुरक्षितता हा आयटीवाल्यांचा विषय आहे, असं आपल्या चळवळीत अजूनही मानलं जातं. अत्याचार प्रकरणांचे एफआयआर, पीडित कुटुंबांचे फोन नंबर, शिष्यवृत्तीसाठी स्कॅन केलेले जातीचे दाखले ज्या घरच्या कॉम्प्युटरवर असतात, त्यावर बहुतेक वेळा क्रॅक केलेली विंडोज आणि घरभर माहीत असलेला पासवर्ड असतो. विचारलं तर उत्तर ठरलेलं : "आमच्याकडे लपवण्यासारखं आहेच काय?" हे उत्तर किती पोकळ आहे, ते इतिहास सांगतो.

४ मे २००० रोजी फिलिपिन्समधून एक ईमेल जगभर पसरला. विषय होता 'आय लव्ह यू'. सोबतची फाईल साध्या मजकुराची वाटे, कारण विंडोज फाईलच्या नावाचा शेवटचा भाग लपवत असे. प्रत्यक्षात तो प्रोग्राम होता. उघडताच तो फाईली बिघडवी आणि ॲड्रेस बुकमधल्या प्रत्येकाला स्वतःची प्रत पाठवी. लोक फसले, कारण पत्र ओळखीच्या माणसाकडून आलेलं होतं. बनवणारा तरुण सापडला, पण त्या देशात तेव्हा असा गुन्हा मानणारा कायदाच नव्हता, म्हणून तो सुटला.

१२ मे २०१७ रोजी 'वॉनाक्राय' आला. त्याने फाईलींना कुलूप लावून ३०० डॉलरची खंडणी मागितली. दीडशेच्या आसपास देशांना झळ बसली, ब्रिटनच्या सरकारी रुग्णालयांत शस्त्रक्रिया रद्द झाल्या. इथे कोणी फाईल उघडण्याचीही गरज नव्हती. विंडोजमधली ती फट अमेरिकेच्या गुप्तचर संस्थेला आधीपासून ठाऊक होती. तिने ती हत्यार म्हणून जपली आणि ते हत्यार चोरीला जाऊन उघड झालं. मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दुरुस्ती दिली होती. ज्यांनी अपडेट टाळलं, ते सापडले.

तिसरा प्रसंग थेट आपल्या दाराशी येतो. भीमा कोरेगाव–एल्गार परिषद प्रकरणात रोना विल्सन यांचा लॅपटॉप १७ एप्रिल २०१८ रोजी जप्त झाला. त्यातली पत्रं खटल्याचा मोठा आधार ठरली. फेब्रुवारी २०२१ मध्ये अमेरिकेतल्या आर्सेनल कन्सल्टिंगचा अहवाल उजेडात आला. त्यानुसार १३ जून २०१६ रोजी ओळखीच्या खात्यावरून आलेली फाईल विल्सन यांनी उघडली आणि 'नेटवायर' आत शिरला. पुढे २२ महिने कोणीतरी दुरून तो लॅपटॉप हाताळत होतं, पत्रं एका लपवलेल्या फोल्डरमध्ये ठेवली गेली आणि ती त्या लॅपटॉपवर कधी उघडल्याची खूण नाही. नागपूरचे वकील सुरेंद्र गडलिंग यांच्या संगणकाबाबतही आर्सेनलने असाच निष्कर्ष काढला. एनआयएला हे मान्य नाही. पुण्याच्या प्रयोगशाळेला मालवेअर आढळला नाही, असं तिचं म्हणणं आहे. निवाडा न्यायालय करेल.

पण मित्रहो, एवढ्यानेही "लपवण्यासारखं काय आहे" हा प्रश्न निकाली निघतो. धोका फक्त आतलं बाहेर जाण्याचा नाही, बाहेरचं आत येण्याचाही आहे. नेटवायर हा काही दुर्मिळ प्रोग्रामही नव्हता. तो वर्षानुवर्षे इंटरनेटवर विकला जात होता. मार्च २०२३ मध्ये कुठे त्याची वेबसाईट जप्त झाली.

म्हणून काही गोष्टी आजच करा. फाईल ओळखीच्या माणसाकडून आली तरी, अपेक्षित नसेल तर आधी फोन करून विचारा. अपडेट पुढे ढकलू नका. क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर काढा. विंडोज परवडत नसेल तर लिनक्स मोफत आहे. रोजच्या वापराला ॲडमिन नसलेलं खातं ठेवा. ईमेलला दोन टप्प्यांची पडताळणी लावा. महत्त्वाच्या फाईलींची प्रत वेगळ्या हार्ड डिस्कवर घ्या आणि काम झालं की ती काढून ठेवा. यातला एकही उपाय एकटा पुरेसा नाही, पण सगळे मिळून हल्लेखोराचं काम अवघड करतात.

अक्षरज्ञानापासून दूर ठेवल्याची किंमत आपल्या पिढ्यांनी मोजली आहे. हे नवं ज्ञान कुणी अडवलेलं नाही. येत्या रविवारी विहारातल्या अभ्यासवर्गात एक तास यासाठी ठेवा, आणि पीडितांची कागदपत्रं ज्या कॉम्प्युटरवर आहेत, त्यापासून सुरुवात करा.

जय भीम.