लाल भिंतींचे मूळ रूप

जुन्या गोव्यातील बॉम जेझू बासिलिकेचे चित्र आपल्यापैकी अनेकांच्या घरी असते. तिच्या लालसर, उघड्या दगडांच्या भिंती पाहून चार शतकांपूर्वी त्या अशाच उभ्या राहिल्या असाव्यात, असा समज होणे स्वाभाविक आहे. वस्तुतः हे रूप जेमतेम सात दशकांचे आहे.

येशूसंघीयांनी १५९४ साली हे मंदिर बांधावयास घेतले आणि १६०५ साली त्याचे पवित्रीकरण झाले. भिंतींसाठी जांभा दगड निवडला गेला, दर्शनी भागातील कोरीव कामासाठी काळा दगड. हा काळा दगड आपल्या वसईहून नेला गेला, असे इतिहासकार सांगतात. एवढ्या लांबून दगड नेण्याचे कारण उघड आहे : जांभ्यावर नाजूक नक्षी टिकत नाही.

जांभा खाणीतून काढताना मऊ असतो, हवा लागली की कठीण होतो. तरीही तो सच्छिद्रच राहतो. गोव्याचा पाऊस वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर. म्हणून बाहेरच्या भिंतींना चुन्याचा गिलावा दिला गेला. चुना पावसाचा मारा स्वतः सोसतो आणि भिंतीत मुरलेली ओल बाहेर पडू देतो. तो झिजतो, पुन्हा लावावा लागतो, पण आतला दगड वाचतो. जुन्या गवंड्यांना हे ठाऊक होते.

संत फ्रान्सिस झेवियर यांच्या मृत्यूला १९५२ साली चारशे वर्षे पूर्ण होणार होती. त्या सुमारास जुन्या गोव्यातील वास्तूंच्या डागडुजीसाठी पोर्तुगालहून वास्तुविशारद बाल्तझार कास्त्रो आले आणि १९५० च्या दशकात बासिलिकेचा गिलावा उतरवला गेला. वास्तू प्राचीन दिसावी, हा हेतू. पोर्तुगालमध्ये त्या काळी जुन्या चर्चवरील नंतरचे थर काढून मूळ दगड उघडा करण्याची रीतच होती. परंतु तिकडचा ग्रॅनाइट आणि आपला जांभा यांत केवढे अंतर! शिवाय येथील गिलावा हा नंतरचा थर नव्हताच. तो बांधणीचाच भाग होता.

रस्त्यापलीकडचे से कॅथेड्रल आजही पांढरेशुभ्र आहे. बासिलिकेचे दगड मात्र दर पावसाळ्यात झिजतात. अलीकडे गिलावा पुन्हा करावा असा आग्रह जाणकार धरू लागले आहेत. मलाही ते पटते. विरोध करणारे म्हणतात, लोकांना लाल बासिलिकाच ओळखीची आहे. त्यांचे खोटे नाही. आमच्या घरच्या तसबिरीतही ती लालच आहे.