गरीब कुणाला म्हणायचं?

भांडी-चूल उरकून रेडिओ लावला असेल तर बरंच झालं. भाकरी थापता थापता ऐकत असाल तरी चालेल, कारण आज बोलायचं आहे ते भाकरीबद्दलच.

मागच्या पावसाळ्यात आमच्या गावात अतिगरीब घरांची यादी करायची होती. सगळ्या गटांच्या बाया देवळाच्या मंडपात जमलो. रांगोळीनं गावाचा नकाशा काढला आणि अतिगरीब वाटेल त्या घरावर एकेक चिंचोका ठेवत गेलो. एका घरावर चिंचोका ठेवला, तेवढ्यात कुणीतरी म्हणालं, "त्यांच्या दारात मोटारसायकल हाय की!" लगेच तो उचलला. त्या घरातली वहिनी मागंच बसली होती. ती काही बोलली नाही, आणि आम्हीही तिच्याकडं बघितलं नाही.

तीन आठवड्यांनी गटाच्या मीटिंगला ती चक्कर येऊन पडली. रक्त तपासलं तर सात भरलं. तिला विचारलं, "वहिनी, जेवत नाही का?" तर म्हणाली, "जेवते की. चपाती असते. कोरड्यास नसतं." मोटारसायकल हप्त्यावर घेतलेली, पोराला कारखान्यात कामाला जायला गाडी नसेल तर कामच नाही. तिचा हप्ता, गटाचा हप्ता आणि वर आणखी एका कर्जाचा हप्ता. हे सगळं भागवून भाजी-डाळीला जे राहायचं ते पोरांच्या आणि मालकांच्या ताटात जायचं. तिच्या वाट्याला चहा-चपाती.

तिला आम्हीच यादीतून काढलं होतं. कुणा साहेबानं नव्हे. तेव्हापासून हा प्रश्न आमच्या डोक्यातून जाईना की गरीब कोण हे ठरवायचं कसं, आणि आजवर ते कुणी कसं ठरवलं? मिळालं तेवढं वाचलं, म्हाताऱ्या बायांना विचारलं. त्यातलं काही आज सांगतो.

आपल्याकडं हा हिशेब पहिल्यांदा मांडणाऱ्यांत दादाभाई नौरोजींचं नाव येतं. 1876 साली त्यांनी मुंबईत हिंदुस्थानच्या दारिद्र्यावर निबंध वाचला. जगायला किती लागतं हे मोजायला त्यांनी काय धरलं, ऐका. परदेशी मजुरीला बोटीतून नेलेल्या माणसांना ठरवून दिलेला शिधा आणि तुरुंगातल्या कैद्याचा खर्च. त्या शिध्यात तांदूळ किंवा पीठ, डाळ, तूप, तेल, मीठ आणि मटणसुद्धा होतं. 1867-68 च्या भावानं त्याला माणशी वर्षाला 16 ते 35 रुपये लागत होते, आणि दादाभाईंच्या हिशेबानं माणशी सरासरी उत्पन्न निघत होतं 20 रुपये. म्हणजे कष्ट करून जगणाऱ्याला कैद्याइतकंही मिळत नाही, हे त्यांनी सरकारच्याच आकड्यांनी दाखवलं. त्यांनी नुसतं धान्य मोजलं नव्हतं, एवढं ध्यानात ठेवा. शिध्यात डाळ होती, तेल होतं. कोरड्यास होतं.

त्याच वर्षी मोठा दुष्काळ पडला, 1876 ते 78 चा. सोलापूर-सातारा भागानं तो फार सोसला. दुष्काळी कामावर खडी फोडायची, माती वाहायची, आणि सरकारचे अधिकारी सर रिचर्ड टेंपल यांचं मत असं की मोठ्या माणसाला दिवसाला एक पौंड धान्य आणि वर थोडे पैसे पुरेत. एक पौंड म्हणजे अर्ध्या किलोलाही कमी. दिवसभर दगड फोडणाऱ्याला! माणूस मरू नये एवढंच द्यायचं, ही मोजायची दुसरी तऱ्हा. तेव्हा पुण्याच्या सार्वजनिक सभेनं गावागावातून माहिती गोळा करून सरकारला अर्जावर अर्ज केले.

पुढं जवळजवळ शंभर वर्षांनी पुण्यातच, गोखले संस्थेत, वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ या दोघांनी गरिबीवर पुस्तक लिहिलं. ते 1971 साली निघालं. माणसाला दिवसाला 2250 कॅलरी, म्हणजे तेवढी ताकद देणारं अन्न लागतं, असं धरून त्यांनी रेघ ओढली. 1960-61 च्या भावानं खेड्यात ती माणशी महिन्याला 15 रुपये आली. दारिद्र्यरेषा हा शब्द आपल्या तोंडी बसला तो या काळात. 1979 मध्ये सरकारच्या गटानं खेड्यासाठी 2400 आणि शहरासाठी 2100 कॅलरी ठरवल्या. खेड्याला जास्त, कारण आपण राबतो. तेवढं तरी कुणीतरी मान्य केलं म्हणायचं.

पण कॅलरीचं एक आहे. त्या नुसत्या भातानंही भरतात. पोट भरतं, रक्त भरत नाही.

पुस्तक निघालं आणि पाठोपाठ 72 चा दुष्काळ आला. हा इतिहास पुस्तकातून वाचायची गरज नाही, आपल्या सासवांना विचारा. तेव्हा त्या दहा-बारा वर्षांच्या पोरी. सुट्टी नाही, शाळा नाही, आईबरोबर खडीवर. मे 1973 मध्ये महाराष्ट्रात सुमारे 50 लाख माणसं दुष्काळी कामावर होती. रेशनला तांबडी मिलो यायची, अमेरिकेतून आलेली ज्वारी. आमच्या गावच्या एक आज्जी सांगतात, "भाकरी थापताना फुटायची, आन् खाताना घशात अडकायची. पण सुकडी ग्वाड लागायची." सुकडी म्हणजे भाजलेलं पीठ, गूळ आणि तेल. कामावर वाटायचे. आज्जी त्यातली अर्धी पदराला बांधून घरच्या धाकट्या भावाला न्यायच्या. तेव्हा त्या स्वतः अकरा वर्षांच्या होत्या. सरकारच्या वहीत सुकडी लिहिली गेली असेल आज्जीच्या नावावर, आणि पोटात गेली अर्धी.

त्याच काळात मुंबईत बाया लाटणी आणि थाळ्या घेऊन रस्त्यावर उतरल्या. तेल, साखर, रॉकेल मिळेना, मिळालं तर भाव परवडेना. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आणि इतर बायांनी पक्षाचे झेंडे बाजूला ठेवून महागाईविरोधी समिती केली. स्वयंपाकघराचा हिशेब मंत्रालयासमोर मांडला तो त्या बायांनी. आणि आपल्या भागात, सांगली जिल्ह्यातल्या वि. स. पागे यांनी मागेल त्याला काम ही कल्पना लावून धरली. तासगाव तालुक्यात ती आधी करून बघितली होती. पुढं 1977 साली रोजगार हमीचा कायदा झाला आणि 26 जानेवारी 1979 पासून तो लागू झाला. देशाचा 2005 चा कायदा त्याच वाटेनं आला. या योजनेत एक शहाणपण होतं. गरीब कोण हे कुणी ठरवायचं नव्हतं. जी उन्हात येऊन पाटी उचलेल तिला काम.

पुढं मात्र यादी आणि कार्ड आलं. 1 मे 1999 पासून आपल्या राज्यात पिवळं, केशरी आणि पांढरं अशी तीन रंगांची कार्डं सुरू झाली. पिवळ्याला वर्षाचं उत्पन्न 15 हजारांच्या आत. मग 2002 चा सर्व्हे. तेरा प्रश्न, प्रत्येकाला शून्य ते चार गुण. जमीन किती, घर कसलं, अंगावरचे कपडे माणशी किती, दोन वेळचं जेवण मिळतं का, असे प्रश्न. गुण कमी पडले तर दारिद्र्यरेषेखाली. शाळेत पोरगं नापास झालं तर रडतं, आणि इथं पास झालं ते घर रडायचं. आमच्या आयांनी दोरीवरची धुणी आत घेतल्याचं आम्हांला आठवतं. 2011 च्या गणनेत मोटारसायकल किंवा फ्रीज असला की घर सरळ बाहेर. म्हणजे आम्ही मंडपात जे केलं ते नवं नव्हतं. सरकारची मोजपट्टी आमच्या डोळ्यांत कधी जाऊन बसली ते आम्हांलाच कळलं नव्हतं.

आणि रुपयांतली रेघ? 2011 साली सुप्रीम कोर्टात नियोजन आयोगानं सांगितलं, खेड्यात दिवसाला 26 रुपये आणि शहरात 32 रुपये. त्यावर फार ओरड झाली. नंतर 2011-12 साठी तेंडुलकर समितीच्या पद्धतीनं देशाच्या खेड्यांसाठी आकडा आला महिन्याला 816 रुपये, दिवसाला साधारण 27. यात जेवण, कपडा, औषध, पोरांची वही, सगळं. आता 2020 ची शिवभोजन थाळी घ्या. दोन चपात्या, एक भाजी, भात आणि वरण. खाणाऱ्याकडून दहा रुपये, पण खेड्यात त्या एका ताटाचा खर्च सरकारनंच धरला 35 रुपये. मधे आठ वर्षांची महागाई गेली हे खरं. तरी एका वेळच्या जेवणाला 35, आणि रेघ मात्र अख्ख्या दिवसाला 27 ची होती! आपल्या राज्यात अन्नसुरक्षेच्या रेशनसाठी खेड्यात वर्षाला 44 हजारांच्या आत उत्पन्न धरतात. पाच माणसांच्या घरात वाटून बघा. माणशी दिवसाला 24 रुपये येतात.

रेशनला नावं ठेवायची नाहीत. 2013 च्या कायद्यानं माणशी महिन्याला पाच किलो धान्य आलं, अंत्योदय घराला 35 किलो, आणि जानेवारी 2023 पासून ते फुकट आहे. 72 सारखं उपाशी झोपणं बऱ्याच घरांतून गेलं ते त्यानंच. पण आम्ही गटात हिशेब मांडला. राबणाऱ्या पाच माणसांच्या घराला दिवसाला दीड किलो धान्य लागतं. रेशनचे 25 किलो सोळा-सतरा दिवस जातात. बाकीचं विकत. आणि मिळतो तो गहू आणि तांदूळ. आपली शाळू, जी गरिबाची भाकरी म्हणून पाहुण्यापुढं ठेवायला लाज वाटायची, ती बाजारात बरेचदा गव्हापेक्षा महाग. 2023 हे जगानं भरडधान्याचं वर्ष केलं, त्याला श्रीअन्न नाव मिळालं, शहरात रंगीत पुडीत बाजरी आली. श्रीमंतांना भाकरी लागली आणि आम्हांला चपाती. हसू येतं, पण हिशेब खराच आहे.

दुसरं गेलं ते फुकटचं कोरड्यास. आमच्या आया खुरपायला जायच्या आणि येताना ओटीत तांदुळजा, घोळ, पाथरी, कुर्डू घेऊन यायच्या. त्यातनंच रक्त भरायचं. आता तणनाशक मारतात. तण गेलं, भाजी गेली, आणि खुरपणीची मजुरीही गेली. हे तिन्ही एका फवाऱ्यात गेलं हे कुठल्या सर्व्हेत लिहायला जागा नाही.

तिसरं म्हणजे गरिबाला सगळं महाग पडतं. दहा रुपयांचं तेल, पाच रुपयांची चहापूड, पावशेर डाळ. रोजच्या पैशातनं रोजचं आणलं की किलोचा भाव कितीतरी चढा लागतो. म्हणून यंदा आमच्या गटातल्या अकराजणींनी बचतीतून पैसे काढून सुगीलाच तूर आणि हुलगा पोत्यानं घेतला. तुरीची डाळ भरडून वाटली. भरडताना चुरा जास्त पडला, त्यावरून दोघींचं भांडण झालं, तेही सांगून टाकतो. पण वर्षाची डाळ घरात आली. हुलगा तर विसरलाच होता सगळ्यांना. त्याचं माडगं, शेंगोळ्या, उसळ. गरिबाघरचं म्हणून मागं टाकलेलं हे कडधान्य अंगाला मोठं पौष्टिक. दारात शेवगा असेल तर त्याच्या पाल्याची भाजी करा, नुसत्या शेंगा विकू नका. शेंगदाण्याच्या चटणीत मूठभर जवस-कारळ घाला. आणि चहा जेवणाबरोबर नको, निदान तासभर तरी अंतर ठेवा, नाहीतर भाजीतलं लोह अंगी लागत नाही. हे आम्हांला नर्सताईंनी सांगितलं.

एवढं करूनही तिन्ही हप्ते भरून वहिनीच्या घरात सगळं येईलच असं नाही. डाळ वाचवून कर्ज फिटत नाही, हे आम्हांला कळतं. मजुरी आणि शेतमालाचा भाव हा पुढचा विषय, त्यावर वेगळं बोलू.

राज्यातल्या निम्म्याहून जास्त बायांच्या अंगात रक्त कमी आहे, असं सरकारचंच सर्वेक्षण सांगतं. दादाभाईंपासून आजवर ज्यांनी मोजलं त्यांनी घर मोजलं आणि माणसांनी भागलं. ताट कुणापुढं शेवटी येतं ते कुणी बघितलं नाही. तुरुंगात निदान प्रत्येक कैद्याला त्याचा शिधा वेगळा मोजून मिळत होता.

आता आम्ही दर महिन्याच्या मीटिंगला हजेरी झाली की एक प्रश्न विचारतो. काल रात्री घरात शेवटी कोण जेवलं, आणि तेव्हा भांड्यात काय होतं? पहिल्या वेळी कुणी बोलेना. सगळ्या पदर तोंडाला लावून हसल्या. मग एक काकू म्हणाल्या, "आमटीचं पाणी." दुसरी म्हणाली, "खरडा." ज्यांच्या घरावर चिंचोका कधी पडलाच नव्हता अशा दोघींनी सांगितलं, "कायच नव्हतं." लिहून घेतलं. वहिनीचं नाव पुढच्या ग्रामसभेत मांडायला आम्ही त्या वहीसकट जाणार आहोत. गेल्या मीटिंगला वहिनी आली होती, गोळ्या चालू आहेत, तोंडावर जरा टवटवी आहे. तिची पाळी आली तेव्हा म्हणाली, "काल शेवटी मालक जेवले. माडगं होतं. त्यांना थोडं कमी पडलं."